थंडीत वाफे उपसू नका

थंडी पडू लागली की एक मेसेज हमखास फिरतो: ‘थंडीत बाग झोपते, वाफे मोकळे करा. गारठ्याने भाजी बेचव होते. उरलीसुरली भाजी कच्चीच खा, शिजवली की सत्त्व जातं.’ तो वाचून कुणी भरात आलेला कोबी उपटला, की मला खरंच वाईट वाटतं.

बाग झोपते, हे निम्मंच खरं. टोमॅटो, वांगी, मिरची, काकडी दव गोठायला लागलं की मरतात; ती काढाच. पण पालक, मुळा, गाजर, बीट, कोबी, लसूण ही थंडी मानवणारी पिकं आहेत. उलट उन्हाळ्यातच त्यांचे हाल होतात. दिवस मोठे आणि उबदार झाले की पालक पानं धरायचं सोडून फुलोऱ्यावर येतो. हिवाळ्यात वाढ मंदावते खरी, पण त्यात थंडीइतकाच वाटा अपुऱ्या उजेडाचा असतो. दिवस १० तासांहून लहान झाला की बहुतेक पिकांची वाढ जवळजवळ थांबते. म्हणून पेरणी आधीच उरकायची. तोवर झाडं भरली असतील तर ती वाफ्यातच टिकतात आणि लागेल तेवढीच काढता येतात.

बेचव होण्याचा मुद्दा तर साफ उलटा आहे. गारठा वाढला की गाजर, कोबी, पालक यांच्या पेशींत साखर वाढते. त्या साखरेमुळे पेशीतला रस सहजी गोठत नाही. झाड तगतं आणि भाजी गोड लागते! फक्त गोठलेली पानं तोडायची घाई करू नका. ऊन लागून ती पूर्ववत होऊ द्या, नाहीतर हातात लगदा येतो.

राहिलं शिजवणं. क जीवनसत्त्व उष्णतेनं घटतं आणि पाण्यातही उतरतं, हे मान्य. म्हणून पालक धुतल्यावर पानांवर राहिलेल्या पाण्यातच झाकून दोन-तीन मिनिटं वाफवावा. गाजराचं मात्र वेगळं. त्यातलं बीटा-कॅरोटीन शिजवल्यावर, सोबत थोडं तेल असलं की, कच्च्यापेक्षा अधिक अंगी लागतं. कोबी फार वेळ शिजवला तर गंधकाचा उग्र वास सुटतो. तो भाजीचा दोष नाही, आचेवर जास्त ठेवल्याचा आहे.

आणि गाजर, बीट, मुळा उपटल्यावर पाला लगेच वेगळा करा, तो कंदातलं पाणी ओढत राहतो. बिटाचा आणि मुळ्याचा पाला त्याच दिवशी परतून खाता येतो.