इतर येणे

रविवारची सकाळ. वर्ध्याहून येणारी पहिली एसटी फाट्यावर थांबली. पेपरवाल्या दादांनी गठ्ठा उतरवून घेतला आणि निंबाच्या पारावर बसून सुतळी सोडायला लागले. तेवढ्यात गुड्डूचा मोबाइल वाजला. रिंगटोन तीच, शेअर दलाल हर्षद मेहताच्या घोटाळ्यावरच्या 'स्कॅम 1992' या वेबसिरीजची.

"बंद कर बे थे," दादा म्हणाले. "सकायी सकायी कोनाची आरती लावतं?"

"दादा, हर्षद मेहता म्हंजे दिमाग होता दिमाग. बाकी सारे कारकून."

"बरं. आन त्याले उघडं कोनं पाडलं?"

"थे सिरीजमधली... पत्रकार बाई."

"नाव सांग."

गुड्डूला नाव आठवेना. दलालाचे डायलॉग त्याला पाठ, गाडीचं मॉडेल पाठ, एसीसीचा शेअर कुठून कुठं गेला तेही पाठ. जिनं ते सगळं बाहेर काढलं तिचं नाव नाही. मला ते फार लागलं, आणि आजची चर्चा लिहून काढायची ठरवली ती त्याचसाठी.

"सुचेता दलाल," दादा म्हणाले.

"दलाल?" चहा गाळता गाळता ठेल्यावरचा बंडू ओरडला. "म्हंजे दलालानंच दलालाले धरलं?"

सगळे हसले. दादाही हसले, पण हातातला पेपर त्यांनी खाली ठेवला. ते पेपर ठेवतात तेव्हा बोलणार असतात.

आमचे दादा चाळीस वर्षं पेपर वाटतात. वाटायच्या आधी वाचतात. दहावीनंतर शाळा सुटली, इंग्रजी मात्र पेपरावरच शिकले. घरी खताच्या पोत्यात कात्रणं आहेत. मी पाहिली आहेत. कडा पिवळ्या पडलेल्या, काहींना झिंगुरांनी खाल्लेलं, पण प्रत्येकावर निळ्या पेनानं तारीख. त्यात शेतीपेक्षा पैशांवरची कात्रणं जास्त. मी एकदा कारण विचारलं होतं. म्हणाले, "शेतकरी मेल्यावर पेपरात येते रे. त्याचा पैसा मरते तवा येत नाई. जे थे लिहतात त्यायले मी जपून ठेवतो."

"23 एप्रिल 1992," दादांनी सुरुवात केली. "टाइम्समधी तिची बातमी आली. स्टेट बँकेचे 500 कोटी जुळत नाईत, बँकेनं 'बिग बुल'ले हिशेब पुरा कराले सांगतलं. हर्षदचं नावबी नोतं त्याच्यात. पन मुंबईत ज्याले समजाचं त्याले समजलं."

"पन दादा, त्यानं केलं काय होतं? सिरीजमधी थे बीआर-बीआर म्हणतात, डोक्यावरून जाते," मास्तर म्हणाले. मास्तर हायस्कुलात गणित शिकवतात, त्यामुळे त्यांनी हे कबूल केलं याचं मला कौतुक वाटलं.

"सोपं हाये. एका बँकेजवळ सरकारी रोखे, म्हंजे सरकारनं घेतलेल्या कर्जाचे कागद, दुसरीजवळ पैसा. पंधरा दिवसासाठी रोखे विकाचे, मंग वापस घ्याचे. मधात दलाल, थो पैसा यानं शेअरात लावला. रोखे हातात येतच नोते, येत होती बँकेची पावती. रोखे आमच्यापाशी हायेत, असं लिहलेला कागद. थेच बीआर. आता समज, जिनिंगवर तुले वजनाची काटापट्टी फाडून देल्ली, पन गाडीत कापूसच नाई. थे काटापट्टी घेऊन तू बँकेत गेला आन बँकेनं पैसे मोजून देल्ले."

"कोन देईल?"

"देल्ले ना! कराडची बँक होती, लहानशी. तिच्या नावानं अशाच पावत्या निघाल्या, पाठीमागं रोखे नाईत. महिन्याभरात बँक बुडाली. कराडच्या लोकायनं कोनाचं काय बिघडवलं होतं?"

इथं भाऊसाहेब आले. भाऊसाहेबांची ओळख गावात कुणाला करून द्यावी लागत नाही. तालुक्याच्या पतसंस्थेत दोन टर्म संचालक. त्या पतसंस्थेचं शटर दिवाळीच्या तोंडावर पडलं ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. माझ्या आईचे 1 लाख 80 हजार त्यात आहेत, तीन वर्षांच्या कापसाच्या चुकाऱ्यातून मागं टाकलेले. भाऊसाहेब खर्रा तोंडात धरून, हनुवटी वर करून बोलतात, म्हणून त्यांचं प्रत्येक वाक्य आभाळाला उद्देशून असतं.

"मी काय म्हणतो," भाऊसाहेब आभाळाला म्हणाले, "पेपरवाल्यायनं सकारात्मक लिहाले पाह्यजे. त्या बाईनं लिहलं, बाजार पडला, लाखो लोक रस्त्यावर आले. न लिहती तर? तो पैसे भरूनच राह्यला होता."

"कोनाचे पैसे भरून राह्यला होता?" दादांनी विचारलं.

"म्हंजे?"

"स्टेट बँकेचे भरले नॅशनल हाउसिंग बँकेच्या चेकायनं. इचं काढून तिले देल्लं. असं भरनं तुमाले माहीत हाये, भाऊसाहेब. तुमीबी मार्चमधी सोसायटीचं कर्ज असंच भरता."

बंडूच्या हातातली गाळणी थांबली. मार्च महिन्यात जुनं-नवं करणं आमच्याकडे घराघरात चालतं, पण कुणी पारावर बोलत नाही.

"थे येगळं," भाऊसाहेब म्हणाले. "मी म्हणतो, लिहल्यानं घबराट होते. आपल्या संस्थेचंच घ्या. कोन्या तरी पोट्ट्यानं व्हॉट्सअॅपवर टाकलं, लोक काढाले धावले, म्हून संस्था बसली. नाई तं भली चालू होती."

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "भाऊसाहेब, आई जूनमधी बियाण्यासाठी काढाले गेली, तवाच तिले 'पुढच्या सोमवारी या' म्हणलं होतं. व्हॉट्सअॅपवर दसऱ्यात आलं."

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दादा बोलले, आणि ते वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"भाऊसाहेब, 2017 ची गुलाबी अळी याद हाये? बोंड वरून हिरवंगार. कोनी फोडून पाह्यलं तं आतमधी अळी. तवा तुमी त्याले म्हणलं का, तू बोंड फोडलं म्हून अळी आली?"

कुणी काही बोललं नाही. त्या वर्षी भाऊसाहेबांनी स्वतः चार एकर पऱ्हाटी उपटली होती.

मास्तरांनी विषय थोडा वळवला. "पन दादा, एक बातमी लिहली आन आयुष्यभर नाव झालं, असं तं नाई ना? एवढ्यावर पद्मश्री?"

"कोन म्हणते एक बातमी?" दादा चिडले. या बाबतीत ते लवकर चिडतात. "शिकली पाय काय थे. धारवाडले स्टॅटिस्टिक्स, मंग मुंबईत कायदा. आकडा बी समजते आन कलम बी समजते. घोटाळा 1992 चा. 1993 ले तिनं आन तिच्या पत्रकार नवऱ्यानं, देबाशिष बसूनं, मिळून त्याच्यावर आख्खं पुस्तक लिहलं, तुह्या सिरीजचं मूळ थेच. तेथंच थांबली असती तं भाषणं देत फिरली असती. नाई थांबली. टाइम्स सोडून एक्स्प्रेसमधी गेली, वर्षानुवर्ष कॉलम. 2001 ले केतन पारेख नावाचा दुसरा दलाल निघाला, पुन्हा एक सहकारी बँक मधात, अहमदाबादची माधवपुरा. ठेवीदार कोन? दुकानदार, पेन्शनवाले. 2006 ले पद्मश्री भेटली. त्याच वर्षी मनीलाइफ मासिक सुरू झालं, 2010 ले ठेवीदारायले शिकवाले संस्था काढली. पद्मश्री भेटल्यावर लोक आराम करतात."

"आन थे कोर्टाचं?" मी विचारलं. मला माहीत होतं, पण दादांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"2015. नॅशनल स्टॉक एक्स्चेंज, म्हंजे देशाचा मोठा शेअरबाजार. त्याच्याबद्दल एक निनावी पत्र आलं. काही ब्रोकरायले भाव बाकीच्यायच्या आधी दिसतात म्हणे. सुचेता आन बसूनं थे मनीलाइफमधी छापलं. एक्स्चेंजनं 100 कोटीचा दावा ठोकला. 100 कोटी! तुह्या-माह्यावर कोनी 100 रुपयाचा दावा टाकला तं आपुन गाव सोडू. हायकोर्टानं एक्स्चेंजची मागणी फेटाळली, वरून 50 लाख भराले लावले. त्याच्यातले दीड-दीड लाख या दोघायले आन बाकीचे दवाखान्यायले."

"दवाखान्यायले काहून?" बंडूनं विचारलं.

"जजसाहेबाची मर्जी. टाटा हॉस्पिटललेबी गेले, तेथं आपल्याकडचेच लोक जातात नं."

हे ऐकून बंडू गप्प झाला. त्याचे वडील टाटाला होते.

"त्या एक्स्चेंजच्या तवाच्या प्रमुख बाईचा, चित्रा रामकृष्णचा, तो हिमालयातला बाबा," मास्तर म्हणाले, आणि मग पाच मिनिटं त्या बाबावरच गेली. ईमेल करणारा बाबा, एक्स्चेंजची गुपितं विचारणारा बाबा. बंडू म्हणाला, आमच्या मामानंही बाबाच्या सांगण्यावरून सोयाबीन विकलं नव्हतं, शेवटी तीन हजार आठशेनं गेलं. मास्तर म्हणाले, तुझ्या मामाला बाबाची गरज नाही, तो स्वतःच्या बुद्धीनंही बुडू शकतो. मामा म्हणजे गुड्डूचे वडील. गुड्डू सोडून सगळे हसले.

गुड्डूचं मला वाईट वाटतं. पोरगं हुशार आहे, बीकॉम झालं आहे, काम नाही. दिवसभर मोबाइलवर ऑप्शन करतं, म्हणजे शेअरचा भाव चढेल की पडेल यावर पैसे लावतं. दादा त्याच्याकडे वळले तेव्हा आवाज खाली आला होता.

"गुड्डू, सेबीनं, म्हंजे शेअरबाजारावर नजर ठेवनाऱ्या सरकारी संस्थेनं, काढलेला आकडा पाह्यला का? 2021-22 पासून 2023-24 पर्यंतच्या तीन वर्षात एक कोटीच्या वर लोक फ्युचर-ऑप्शन खेळले. 100 तले 93 बुडाले. एकूण तोटा 1 लाख 80 हजार कोटीच्या वर."

"मी उरलेल्या सातात हावो."

"हाव का? मंग मोटारपंप काहून विकला?"

गुड्डू खाली बघत राहिला. दादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बंडूला त्याच्यासाठी चहा सांगितला. पंपाचं दादांना कसं कळलं देव जाणे.

"हे सारं मुंबईचं झालं," भाऊसाहेब पुन्हा आभाळाला म्हणाले. "इंग्रजी पेपर, शेअरबाजार. आपल्या खेड्याचा संबंध काय?"

दादा याचीच वाट पाहत असावेत. "संबंध? 1992 मधी काय झालं? रोखे न पाहता पैसे देल्ले. 1993 मधी पुस्तक आलं, संसदेच्या समितीनं चौकशी केली, सारं छापून आलं. आन 2002 मधी आपल्या नागपूरच्या जिल्हा बँकेनं काय केलं? होम ट्रेडसारख्या दलाल कंपन्यायले सरकारी रोख्यासाठी पैसे देल्ले. रोखे आलेच नाईत. सुमारे 150 कोटी! वर्ध्याचेबी गेले. दहा वर्षाआधी जे मुंबईत झालं, तेच, तसंच. एकाही संचालकानं म्हणलं असतं, रोखे दाखवा, मंग सही करतो, तं शेतकऱ्याचा पैसा वाचला असता. शिक्षेचा निकाल लागाले 2023 चा डिसेंबर उजाडला. आन तुमी म्हणता संबंध काय."

भाऊसाहेबांचा खर्रा एव्हाना संपला होता. ते थुंकायला उठले, परत आले. पारावरून उठून जाणं त्यांना जमत नाही, तेवढं मात्र मानायला हवं.

मग दादांनी पिशवीतून एक पुस्तिका काढली. पतसंस्थेचा मागच्या वर्षीचा अहवाल. गुळगुळीत कागद, पहिल्या अकरा पानांवर अध्यक्षांचे फोटो, रक्तदान, हळदीकुंकू, रोपटं लावताना. ताळेबंद शेवटून दुसऱ्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात. दादांनी नख ठेवलं.

"वाच."

मी वाचलं. "इतर येणे."

"मागच्या साली किती?"

"नऊ लाख."

"या साली?"

"2 कोटी 14 लाख."

"इतर म्हंजे कोन? नाव नाई, गाव नाई. मी आमसभेत उठून विचारलं, हे इतर कोन हायेत बाप्पा? मांगून 'मंजूर, मंजूर' ओरडले आन माइक बंद केला. जेवणात बुंदी होती." दादांनी पुस्तिका बंद केली. "हे कोनं शिकवलं मले? ताळेबंदात मोठे आकडे पाहाचे नाईत, 'इतर' पाहाचं, हे त्या कॉलमायनं शिकवलं. या पोट्ट्याच्या आईचे पैसे त्या एका ओळीत हायेत."

मी ती ओळ बघत राहिलो. दर सोमवारी आई पासबुक पिशवीत घालून जाते. बँकेत असते तर 5 लाखांपर्यंत विमा होता. पतसंस्थेला तो नाही, हे तिला ठेव ठेवताना कुणी सांगितलं नाही. मलाही माहीत नव्हतं, आणि माझं तर ऑनलाइनचं दुकान आहे. आमच्या तालुक्यात पैशांवर असं लिहिणारं कुणी असतं तर! त्या पतसंस्थेची पानभर जाहिरात मात्र दर दिवाळीला पेपरात आली. दादांनीच ती घरोघर टाकली, आणि याचं त्यांना किती दुःख आहे ते मला माहीत आहे.

"मी त्या वक्ती संचालक नोतो," भाऊसाहेब म्हणाले. या वेळी आभाळाला नाही, आमच्याकडे बघून.

"कोन म्हणते होते? तुमी फकस्त 'मंजूर' म्हणलं. पयल्या रांगेतून."

"दादा, तुमी सरपंचाच्या निवडणुकीचा राग काढून राह्यले."

"निवडणूक गेली खड्ड्यात. अकरा मतानं पडलो, त्याच्यातले पाच माह्या घरचेच होते."

इथं हशा असा उसळला की निंबावरचे कावळे उडाले. मास्तरांना ठसका लागला. भाऊसाहेबसुद्धा हसले, आणि हसत हसत त्यांनी गठ्ठ्यातला आपला पेपर उचलून काखेत घातला.

गुड्डूनं ते बरोबर पाहिलं. पोरगं हुशार आहे, म्हटलं ना.

"दादा, भाऊसाहेबाकडं पेपरचं बिल किती महिन्याचं हाये?"

"सात."

"मंग तुमच्या वहीत थे कोठं लिहता?"

दादांनी सुतळीची गुंडाळी केली, खिशात घातली, सायकलचं स्टँड काढलं.

"इतर येणे."