लिथुआनियातले ‘वेदमंत्र’? पेटीवर सा-रे एकदम दाबून बघा

फॅमिली ग्रुपवर हा मेसेज तिसऱ्यांदा आलाय: युरोपातली लिथुआनियन भाषा ही संस्कृतची मुलगी, तिकडच्या बायका ‘सुतार्तिनेस’ म्हणून गातात ते 5000 वर्षांपूर्वीचे वेदमंत्र, आणि तिथले आजचे कंपोझर तेच चोरून व्हायोलिनवर वाजवतात. म्हटलं आता लिहितोच.

भाषेचं आधी. सूनुस म्हणजे सूनु (मुलगा), दूमास म्हणजे धूम, उग्निस म्हणजे अग्नी, हे खरंच आहे, पण या दोघी चुलत बहिणी, आजी एक. मुलगी कुठून आली?

मंत्रांचं तर विचारूच नका. वेदपठणाला दहा जण बसले तरी सगळ्यांचा स्वर एकच वर-खाली होतो. सुतार्तिनेसमध्ये बरोबर उलटं. पेटीवर सा आणि रे एकदम दाबा, कानात जी थरथर होते ना, ती या गाणाऱ्या बायकांना हवीच असते. लिथुआनियाच्या ईशान्येकडच्या ऑकश्ताइतिया भागात तिघी जणी एकामागून एक गाण्यात शिरतात, एकीचे शब्द चालू असताना दुसरी पालुपद धरते, दोघींचे सूर एकमेकांना घासत जातात, आणि गंमत म्हणजे ‘सुतार्तिनेस’ हे नाव ज्या क्रियापदावरून आलंय त्याचा अर्थ जुळणं, एकमत होणं! आपल्याकडे असं कोणी गायलं तर गुरुजी पेटी मिटून उठतील. शब्द म्हणाल तर राय (गव्हासारखं धान्य) कापणं, लग्न, आणि पालुपदात ‘सदाउतो’, ‘तूतो’. यात मंत्र कुठेय?

5000 चा आकडा कोणी काढला देव जाणे. गाणी तोंडी चालत आली, तीन खंडांचा मोठा संग्रह निघाला 1958-59 मध्ये. युनेस्कोच्या यादीत वेदपठण 2008 चं, सुतार्तिनेस 2010 चं, नोंदी वेगवेगळ्या.

आणि चोरी? तिथल्या ब्रोनियुस कुताविचियुस या कंपोझरने 1978 ला, म्हणजे सोव्हिएत राजवटीत, ‘शेवटचे पेगन विधी’ लिहिलं, ते विधी 1387 ला देश ख्रिश्चन झाला त्याच्या आधीचे, त्यांचेच. सुतार्तिनेससारखेच छोटे तुकडे पुन्हापुन्हा, एकावर एक रचलेले, हीच त्याची पद्धत. स्वतःच्या गावच्या विहिरीतून पाणी काढलं तर चोरी कसली हो? तसंही ही गाणी वाद्यांवर आणायला कंपोझरची वाट कोणी बघितलीच नव्हती, तिकडे स्कुदुचियाय नावाच्या पाव्या आहेत, एका पावीतून एकच सूर निघतो, म्हणून चार-पाच जण गोल उभे राहतात आणि ज्याचा सूर आला त्याने फुंकायचं.