‘एअर फिल्टरला हात लावलात तर वॉरंटी गेली’ म्हणे!

गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड पुन्हा फिरायला लागला आहे. त्याचं म्हणणं असं: एअर फिल्टर घरी उघडू नका, वॉरंटी जाते, पैसे वाचवायचे तर तोच फिल्टर पाण्याने धुऊन लावा, नवा टाकलात तर मायलेज दोन-तीनने वाढतं, आणि एसी कायम ‘आतली हवा’वर ठेवणाऱ्याला केबिन फिल्टर (गाडीत बसणाऱ्यांसाठी हवा गाळणारा) लागतच नाही. आधी उघडू नका, मग लगेच धुवा. लिहिणाऱ्याने स्वतःचा मेसेज तरी वाचला होता का, कोण जाणे.

वॉरंटीची भीती सगळ्यात जास्त विकली जाते, म्हणून तिच्यापासून सुरुवात. इंजिनाचा फिल्टर बॉनेटखाली काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यात असतो. जाड, सुरकुत्यांची नळी ज्या डब्यातून इंजिनाकडे जाते, तोच. क्लिपा किंवा तीन-चार स्क्रू काढले की झाकण उचलतं. बहुतेक गाड्यांच्या ओनर्स मॅन्युअलमध्येच तो कसा काढायचा ते चित्रासकट दिलेलं असतं. वॉरंटी जाणार असती तर कंपनीने चित्र कशाला छापलं असतं? शिवाय भारतीय स्पर्धा आयोगाने, म्हणजे बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, 2014 मध्ये 14 कारकंपन्यांविरुद्धच्या आदेशात स्पष्ट म्हटलं, की बाहेर काम करून घेतलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या, हेही सांगायला हवं. तेव्हा वॉरंटीतल्या गाडीसाठी ओरिजिनल फिल्टर घ्या आणि बिल जपून ठेवा.

काळजी घ्यायची जागा वेगळीच आहे. फिल्टरच्या कडेची रबरी पट्टी खाचेत नीट बसली नाही, किंवा एखादी क्लिप अर्धवट राहिली, तर धुळीची हवा फटीतून थेट इंजिनात जाते. एक लिटर पेट्रोल जाळायला साधारण नऊ हजार लिटर हवा लागते. त्यातली धूळ इंजिनातल्या पिस्टन-रिंगा झिजवते. डबा ओलसर फडक्याने पुसा, इंजिनाकडच्या तोंडात काही पडू देऊ नका. काही गाड्यांत झाकणापुढच्या नळीत हवेचा प्रवाह मोजणारा सेन्सर असतो. त्याला बोट लावू नका, वायर ओढू नका. फिल्टर उघडताना भ्यायचं ते एवढ्यालाच.

धुण्याचा सल्ला मात्र साफ चूक. हा फिल्टर घड्यांच्या कागदाचा असतो. पाण्याने कागद फुगतो, घड्या चिकटतात. कॉम्प्रेसरची जोरदार हवा मारली तर कागदाला बारीक भोकं पडतात, ती डोळ्यांना दिसतही नाहीत. फार तर हलक्या दाबाने, स्वच्छ बाजूकडून बाहेर हवा मारावी, तीही मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तर. आणि एक उलटी वाटणारी गोष्ट: थोडी धूळ बसलेला फिल्टर कोऱ्या फिल्टरपेक्षा बारीक कण जास्त अडवतो. म्हणून दर महिन्याला काढून झटकण्यात काहीच हशील नाही. मॅन्युअलमधलं वेळापत्रक पाळा. रोज बांधकामाच्या, खाणीच्या किंवा कच्च्या रस्त्यावरून जाणं असेल तर लवकर बदला.

मायलेजचा दावा जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या काळातला आहे. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे कॉम्प्युटरशिवाय हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या गाडीत हवा कमी पडली की मिश्रण पेट्रोलकडे झुकायचं, त्यामुळे नव्या फिल्टरने काही टक्के फरक पडायचा. आताच्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत जेवढी हवा आत येते तेवढंच पेट्रोल कॉम्प्युटर सोडतो. फिल्टर तुंबला तर आपण नकळत अॅक्सिलरेटर जास्त दाबतो, बाकी हिशेब तोच राहतो. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेने 2009 मध्ये हे तपासलं: तुंबलेल्या फिल्टरने मायलेजमध्ये लक्षणीय फरक पडला नाही, पिकअप मात्र घटला. घाटात ओव्हरटेक करताना जाणवतो तो हाच.

राहिला केबिन फिल्टर. बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. बॉक्सच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली झुकतो आणि मागे फिल्टरचं झाकण दिसतं. तिथे बसवलेल्या फिल्टरमधून बहुतेक वेळा बाहेरचीच नाही, तर ‘आतली हवा’ही फिरते. म्हणजे ते बटण दाबून फिल्टर वाचत नाही. उलट तुंबला की ब्लोअर चारवर ठेवूनही वारा दोनचा येतो, आणि माणूस एसीत गॅस भरायला पळतो. नवा बसवताना कडेचा बाण पाहा. वारा ज्या दिशेने वाहतो, त्याच दिशेला तो असला पाहिजे. जुना काढताना खाली कागद पसरा, कारण पावसाळ्यानंतर त्यात पालापाचोळाच काय, उंदराचं घरटंही सापडतं. काही जुन्या किंवा बेस मॉडेलांत कंपनीने जागा दिलेली असते पण फिल्टर बसवलेलाच नसतो. तुमच्या गाडीत तसं असेल तर काही शे रुपयांत तोही बसवता येतो.