गल्लाभरू

१९९२ च्या पावसाळ्यात पुण्यातल्या आमच्या होस्टेलवर मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडच्या ‘ब्लॅक अल्बम’ची कॅसेट आली. मी आणि रूममेटनं निम्मे-निम्मे पैसे घालून घेतलेली. ए साइड संपेपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. बी साइडचं दुसरं गाणं लागलं, ‘नथिंग एल्स मॅटर्स’. गिटारच्या मोकळ्या तारा एकेक करून वाजतात, मग बँडचा गायक जेम्स हेटफिल्डचा आवाज येतो. तो ओरडत नाही, गुरगुरत नाही, सरळ गातो. मागून व्हायोलिनं येतात. रूममेटनं गाणं अर्ध्यात बंद केलं आणि म्हणाला, “संपले हे. गल्लाभरू झाले.”

आपल्याकडे हा शब्द सिनेमा-नाटकांसाठी वापरतात. तो रॉक बँडला लावलेला मी पहिल्यांदा ऐकला आणि मला तो पटला. आमची मेटॅलिका म्हणजे त्यांचे आधीचे अल्बम: सीनियरकडून नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर भरून घेतलेला ‘मास्टर ऑफ पपेट्स’, आणि उरलेल्या जागेत ‘राइड द लायटनिंग’ची चार गाणी. रेडिओ नाही, टीव्ही नाही. १९८९ पर्यंत या लोकांनी एकही व्हिडिओ केला नव्हता आणि त्याचा आम्हाला अभिमान होता, जणू तो निर्णय आम्हीच घेतला होता. आता त्यांचं गाणं कुणालाही आवडण्यासारखं झालं होतं. वरच्या मजल्यावरचा, फक्त हिंदी गाणी ऐकणारा मुलगासुद्धा विचारत आला की हे कुणाचं रे? याचाच आम्हाला सर्वात जास्त राग आला.

मी ती कॅसेट त्या वरच्या मजल्यावरच्या मुलाला देऊन टाकली. पुढची सहा-सात वर्षं तो अल्बम मुद्दाम ऐकला नाही. आज पन्नाशी उलटल्यावर मला ठामपणे वाटतं की आम्ही चुकलो होतो. आणि हे नुसतं ‘वय झालं, सगळंच आवडायला लागलं’ असं नाही. कारणं आहेत, ती लिहितो.

आधी आरोप नीट मांडू, कारण तो पोकळ नव्हता. १९८८ च्या ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ या अल्बममध्ये नऊ गाणी आहेत आणि ती पासष्ट मिनिटं चालतात. शीर्षकगीतच पावणेदहा मिनिटांचं. दर दीड मिनिटाला ठेका बदलतो, चाल मोडते, परत जुळते. तीनच वर्षांनी, ऑगस्ट १९९१ मध्ये, त्याच चौघांनी बारा गाण्यांचा अल्बम काढला. बहुतेक गाणी पाच-सहा मिनिटांत आटोपलेली. एक रिफ (गिटारवर पुन्हा-पुन्हा येणारा तुकडा), एक ठेका, लक्षात राहणारं ध्रुवपद. आणि निर्माता कोण, तर बॉब रॉक, ज्यानं दोन वर्षांपूर्वी मॉटली क्रूचा ‘डॉक्टर फीलगुड’ केला होता. म्हणजे केस फुगवून स्प्रे मारणाऱ्या ज्या बँडच्या नावानं आमचे लोक बोटं मोडायचे, त्यांचाच माणूस. अल्बम आला तो थेट बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या खपाच्या यादीच्या, पहिल्या क्रमांकावर. पुढे एकट्या अमेरिकेत दीड कोटीच्या वर प्रती खपल्या. याहून ठळक पुरावा काय हवा?

आता दुसरी बाजू. बँडला बॉब रॉक हवा होता तो फक्त मिक्सिंगसाठी. निर्माता म्हणून काम करायचा आग्रह त्याचा. आणि त्यानं काय करायला लावलं? चौघांना एका खोलीत उभं करून एकत्र वाजवायला लावलं. तोपर्यंत हे लोक वाद्यं वेगवेगळी रेकॉर्ड करत होते, आधी ड्रम्स, मग त्यावर गिटारचे थर. ‘जस्टिस’मध्ये तर जेसन न्यूस्टेडचा बास (खालच्या सुरांची गिटार) जवळजवळ ऐकूच येत नाही. १९८६ मध्ये स्वीडनमध्ये बस उलटून आधीचा बासवादक क्लिफ बर्टन गेला, त्याच्या जागी हा मुलगा आला, आणि त्याच्या पहिल्या मोठ्या अल्बमवर त्याचं वाजवणं दाबून टाकलं गेलं. ‘ब्लॅक अल्बम’मध्ये बास परत आला. गाण्यांना खालून जमीन मिळाली. ‘सॅड बट ट्रू’साठी गिटारी एक पूर्ण सूर खाली उतरवल्या, म्हणून तो रिफ छातीवर दगड ठेवल्यासारखा लागतो. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत ऑक्टोबर १९९० पासून जून १९९१ पर्यंत हे चाललं. भांडणं इतकी की पुन्हा तोंड पाहणार नाही इथपर्यंत आलं होतं. त्याच काळात चौघांपैकी तिघांचे घटस्फोट झाले. गल्ला भरायचा असता तर यापेक्षा सोपे रस्ते होते. एमटीव्हीला काय लागतं ते बॉब रॉकला पाठ होतं.

मला हे कळलं ते मात्र वाचून नाही. कॉलेज संपल्यावर आम्ही चौघं एका गॅरेजमध्ये वाजवायचो, मी गिटारवर. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ आम्ही धडपडत का होईना, वाजवून न्यायचो. वेगात चुका झाकल्या जातात. मग ड्रमरच्या हट्टापायी ‘सॅड बट ट्रू’ बसवायला घेतलं आणि जमेना. तीनच सूर, पण प्रत्येक ठोक्यामध्ये एवढी मोकळी जागा की हात आपोआप पुढे पळायचा. दोन महिने गेले त्यात. सुट्टीत सांगलीला गेलो तेव्हा अण्णांना सांगितलं. अण्णा भजनी मंडळात तबला वाजवायचे, या संगीताशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्यांनी वॉकमन कानाला लावून गाणं पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, “अरे, द्रुत कुणीही ओढतो. विलंबितात ठेका धरून बसायला अंगात दम लागतो. हा पोरगा बसलाय.” पोरगा म्हणजे मेटॅलिकाचा ड्रमर लार्स उलरिक. त्या दिवशी मी कॅसेट पुन्हा विकत घेतली.

त्यानंतर शब्द ऐकले, आणि तिथे आम्ही खरंच माती खाल्ली होती. हेटफिल्डच्या घरात ख्रिश्चन सायन्स हा पंथ पाळला जायचा. औषधोपचार नको, प्रार्थनेनं बरं व्हायचं. त्याची आई कॅन्सरनं गेली, उपचार न घेता. तो तेव्हा सोळा वर्षांचा होता. त्या विषयावर त्यानं ‘द गॉड दॅट फेल्ड’ लिहिलं, आणि ते याच अल्बमवर आहे, ज्याला आम्ही बाजारू म्हणत होतो. आधीच्या तीन अल्बमांत युद्ध आहे, मृत्युदंडाची विजेची खुर्ची आहे, न्यायव्यवस्था आहे, व्यसन आहे. माणूस स्वतः फार थोडा आहे. ‘नथिंग एल्स मॅटर्स’ तर त्यानं बँडसाठी लिहिलंच नव्हतं. प्रेयसीशी फोनवर बोलताना रिकाम्या हातानं मोकळ्या तारा छेडत बसला होता, त्यातून ते निघालं. हे गाणं इतरांना ऐकवायचीसुद्धा त्याची तयारी नव्हती. रेकॉर्डवर त्यातला सोलोही त्याचाच आहे, एरवी सोलो वाजवणारा गिटारिस्ट कर्क हॅमेट त्या गाण्यात वाजवतच नाही. दहा वर्षं दात-ओठ खात गाणारा माणूस पहिल्यांदा भीती बाजूला ठेवून गायला, आणि आम्ही बंद केलं ते नेमकं त्याच गाण्याला.

हा आरोपही काही नवा नव्हता. १९८४ मध्ये ‘फेड टू ब्लॅक’ आलं तेव्हाही जुने चाहते ‘विकले गेले’ म्हणून ओरडले होते. का, तर सुरुवातीला अकूस्टिक गिटार आहे. बॉस्टनमध्ये बँडचं सामान चोरीला गेलं, त्यात हेटफिल्डचा लाडका अँप होता. त्या काळवंडलेल्या मनःस्थितीतून ते गाणं आलं. आमच्या होस्टेलवर मात्र ‘फेड टू ब्लॅक’ हे अस्सलपणाचं प्रमाणपत्र होतं! आमच्या आधीच्या पोरांनी ज्याला गद्दारी म्हटलं, ते आम्ही छातीवर मिरवत होतो.

मग सगळेच सुटले का? अजिबात नाही. खरंच विकलं जाणं कसं दिसतं ते पाहायचं असेल तर मेटल सोडून सॅन फ्रान्सिस्कोला जावं लागेल.

जेफरसन एअरप्लेन. १९६५ मध्ये सुरू झालेला बँड. १९६७ चा ‘सररिअलिस्टिक पिलो’, त्यावर बँडची गायिका ग्रेस स्लिकनं लिहिलेलं ‘व्हाइट रॅबिट’, बोलेरो या स्पॅनिश नाचाच्या ठेक्यावर पायरी-पायरीनं चढत जाणारं, अडीच मिनिटांत संपणारं आणि तरी अंगावर काटा आणणारं. माँटरे, वुडस्टॉक, त्या काळच्या मोठ्या संगीत महोत्सवांत सगळीकडे हे होते. १९६९ च्या ‘व्हॉलंटियर्स’मधल्या शब्दांवरून रेकॉर्ड कंपनीशी भांडले. (त्याच बँडनं १९६७ मध्ये लीव्हाइसच्या जीन्सच्या रेडिओ जाहिराती केल्या होत्या. तेव्हाही त्यांच्यावर टीका झाली. पण त्या जाहिराती ऐकल्या तर त्यात बँड पूर्णपणे स्वतःसारखाच वाजतो. माझ्या हिशेबात हा मोठा गुन्हा नाही.) सत्तरच्या दशकात त्याचा जेफरसन स्टारशिप झाला. १९८४ मध्ये पॉल कँटनर बाहेर पडला, जो पहिल्यापासूनचा उरलेला एकमेव माणूस होता. बँड फार बाजारू होत चाललाय, ही त्याची तक्रार होती. प्रकरण कायद्यापर्यंत गेलं आणि ‘जेफरसन’ हा शब्द नावातून गळला. उरलं नुसतं स्टारशिप.

आणि नोव्हेंबर १९८५ मध्ये ‘वी बिल्ट धिस सिटी’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. हे गाणं चौघांनी मिळून लिहिलंय – बर्नी टॉपिन, मार्टिन पेज, डेनिस लँबर्ट आणि पीटर वुल्फ. चौघांपैकी एकही बँडमधला नाही. गाण्यात कंपन्यांच्या खेळांविरुद्ध तक्रार आहे, आणि ते गाणं स्वतःच सिंथेसायझरवर मापात कापून बेतलेला कंपनीचा माल आहे. हे ऐकताना मला राग येत नाही, वाईट वाटतं. सेहेचाळीस वर्षांची ग्रेस स्लिक, ‘व्हाइट रॅबिट’ लिहिणारी बाई, दुसऱ्यांनी हातात दिलेल्या ओळी म्हणतेय की हे शहर आम्ही रॉक अँड रोलवर उभारलं. शहर खरंच तिनं उभारलं होतं. ओळी मात्र तिच्या नव्हत्या. एअरप्लेनचं एकही गाणं कधी पहिल्या क्रमांकावर गेलं नाही, स्टारशिपची तीन गेली. पुढे स्लिकनं स्वतःच त्या गाण्याबद्दलची नावड उघडपणे बोलून दाखवली. १९८८ मध्ये ती बाहेर पडली.

इथे कुणी म्हणेल की दुसऱ्यांची गाणी गाणं म्हणजे विकलं जाणं का? नाही. आपल्याकडे तर गायक वेगळा, कवी वेगळा, संगीतकार वेगळा, आणि त्यातून किती थोर गाणी झालीत ते मी सांगायला नको. पण एअरप्लेनची ओळखच ही होती की ते स्वतःचं म्हणणं स्वतःच्या बोलीत मांडतात. लोक त्यासाठी आले होते. मी आवाज बदलला का, हे बघत नाही. पैसा मिळाला का, तेही नाही, मिळावा, भरपूर मिळावा. मी बघतो की बदल ठरवला कुणी, आणि गाण्यात बोलतंय कोण. ‘ब्लॅक अल्बम’ची बाराही गाणी बँडमधल्याच माणसांनी लिहिली आहेत. बॉब रॉकनं ढकललं, तोडलं, पुन्हा-पुन्हा वाजवायला लावलं. ‘एंटर सँडमन’चे पहिले शब्द पाळण्यातच दगावणाऱ्या बाळावर होते, ते बदल म्हणाला. पण नवे शब्दही हेटफिल्डनंच लिहिले.

३० ऑक्टोबर २०११ ला मेटॅलिका बंगलोरच्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजवून गेली. दोनच दिवस आधी गुडगावचा कार्यक्रम रद्द झाला होता, त्यामुळे पुण्याहून बस निघाली तरी जीव टांगणीला. रूममेट बरोबर होता. एकोणीस वर्षांनी आम्ही दोघं पुन्हा तोच बँड एकत्र ऐकणार होतो, या वेळी समोर. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ला तो वेडा झाला. ‘नथिंग एल्स मॅटर्स’ सुरू झालं तेव्हा हजारो लोक पहिल्या सुरापासून गायला लागले आणि हा हाताची घडी घालून उभा. मी काही बोललो नाही. गाणं संपल्यावर त्यानं चष्मा पुसला.

परतीच्या बसमध्ये मी त्याला हे सगळं ऐकवलं, जवळपास याच क्रमानं. अण्णांचं वाक्य त्याला आवडलं. ‘द गॉड दॅट फेल्ड’बद्दल तो गप्प बसला. मग म्हणाला, “ठीक आहे, ब्लॅक अल्बम तुझा. पण ‘लोड’चं काय?”

‘लोड’ हा मेटॅलिकाचा १९९६ चा अल्बम. केस कापलेले, डोळ्यांत काजळ, अँटन कॉर्बाइननं काढलेले ते फोटो. गाणी ब्लूजच्या अंगानं जाणारी, एक तर सरळ कंट्री. मी त्या गाण्यांची बाजू घेतली. ‘अन्टिल इट स्लीप्स’ पुन्हा आईच्या कॅन्सरवर आहे, ‘मामा सेड’ही आईवर. लिहिणारे तेच, आवाज त्यांचाच. तो म्हणाला, “गाण्यांचं मी बोलतच नाहीये. हेटफिल्डनं नंतर स्वतः सांगितलंय की तो काजळाचा आणि फोटोंचा अवतार लार्स आणि कर्कच्या डोक्यातला. याला तो पटला नव्हता, तरी हा त्यांच्या मागे गेला. तूच म्हणतोस ना, बदल ठरवला कुणी ते बघायचं?”

बस तोपर्यंत हुबळीच्या पुढे आली होती. मी म्हणालो, विचार करून सांगतो. तेरा-चौदा वर्षं झाली, अजून सांगितलेलं नाही. ‘लोड’ मी आजही ऐकतो, दोन-तीन गाणी फार आवडतात, पण सीडीच्या पुस्तिकेतले ते फोटो उघडून बघत नाही.