त्या चमच्यात किती मिली मावतं?

आज डोकं फिरलंय, म्हणून लांबलचक लिहितोय. वाचायचं असेल त्यांनी वाचा.

नागपुरातल्या एका सरकारी रुग्णालयातली सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराची ओपीडी. गडचिरोलीतल्या कुरखेड्याकडून पहाटेच्या लालपरीनं आलेली एक आई, मांडीवर १२ किलोचं पोरगं. सिस्टरनं विचारलं, "ताई, औषध कसं देता?" तिनं पिशवीतून स्टीलचा चमचा काढून दाखवला. "याच्यानं देतो जी. भरून एक."

त्याच टेबलाच्या खणात त्याच विभागाचा एक संशोधन प्रस्ताव निधी देणाऱ्या समितीकडून परत येऊन पडला होता. विषय नेमका हाच: लहान मुलांना घरी हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलचं औषध किती आणि कसं दिलं जातं, आणि ते नीट दिलं जावं म्हणून काय करता येईल. त्यावर शेरा एका ओळीचा. औषधाचा गुण आधीच सिद्ध झालेला आहे, नावीन्य आढळत नाही.

आता त्या चमच्याचा हिशेब मांडतो. कॅप्सूल येते ५०० मिलिग्रॅमची. किलोला १५ मिलिग्रॅम धरले तर या पोराला रोज लागतात १८०. कॅप्सूलला खूण नसते, ती अर्धी करता येत नाही. म्हणून सांगतात की १० मिली पाण्यात विरघळवा, म्हणजे एका मिलीत ५० मिलिग्रॅम, आणि त्यातलं ३.६ मिली द्या. कागदावर सोपं आहे. पण घरातल्या एका चमच्यात अडीच मिली मावतं, तर दुसऱ्यात सात. अडीचनं दिलं तर पोराला १२५ मिलिग्रॅम, म्हणजे कमी. सातनं दिलं तर ३५०, म्हणजे जवळजवळ दुप्पट; रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घसरायचा धोका. त्यात पाणी १० मिलीच घेतलं की अर्धा पेला, हेही कुणी मोजलेलं नाही. पावडर हाताला लागू द्यायची नाही, गरोदर बाईनं तर हाताळायचीच नाही, हे किती घरांत सांगितलं जातं? लहान मुलांसाठी पातळ औषध निघालंय, मान्य. ते तालुक्याच्या सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर मिळेल तेव्हा बोलू.

हायड्रॉक्सीयुरियानं वेदनेचे झटके कमी होतात, हे १९९५ सालीच दाखवून झालं. कुणी नाही म्हणतंय? प्रश्न पुढचा आहे. जे औषध काम करतं, ते कुरखेड्याच्या स्वयंपाकघरात का करत नाही?

आणि हे संशोधन नाही असं म्हणणाऱ्यांनी आपल्याच देशाकडे पाहावं. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोगाचा अभ्यास सुरू झाला. औषधं तीच ठेवून फक्त एवढंच विचारलं, सॅनेटोरियममध्ये झोपवून द्यायची की घरी? घरी दिली तरी रोगी तितकेच बरे झाले, घरच्यांना लागणही जास्त झाली नाही. त्यानंतर जगभर सॅनेटोरियमला उतरती कळा लागली. आयसीएमआर, म्हणजे वैद्यकीय संशोधनाची सरकारी परिषद, त्यात होती, म्हणजे तुमचा-आमचा पैसा होता. अलीकडचंच हवं असेल तर झारखंडचा राशन्स अभ्यास घ्या, तोही सरकारी पैशातून. २८०० क्षयरुग्णांच्या घरच्या १०,३४५ माणसांपैकी एका गटातल्या घरांना माणशी रोज ७५० कॅलरी आणि २३ ग्रॅम प्रथिनं मिळतील एवढं धान्य दिलं. घरच्यांमधला नवा क्षय ३९ टक्क्यांनी कमी. २०२३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तांदूळ आणि डाळ. यातलं नावीन्य कुठलं, सांगा बरं.

आपल्या महाराष्ट्रात डॉ. हिम्मतराव बावस्कर महाडकडे विंचू चावलेल्या रुग्णांपाशी रात्र रात्र बसून नोंदी करत राहिले आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधानं माणसं वाचतात हे जगाला दाखवलं. प्रश्न रुग्णाच्या उशाशी सापडला होता.

थोडं शांत होऊन लिहितो. खणातल्या त्या प्रस्तावात चुका नव्हत्या असं नाही. अभ्यासात किती मुलं घ्यायला हवीत याचं गणितच नव्हतं. औषध नियमित घेणारे ५० टक्क्यांवरून ७० वर नेता येतील असं धरलं तर नेहमीच्या हिशेबानं प्रत्येक गटात ९१ मुलं लागतात. २० टक्के गळती धरली की ११४. पीएचसीनुसार, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रांनुसार, गट पाडले तर आकडा आणखी फुगतो, कारण एका पीएचसीची मुलं एकमेकांसारखी वागतात. शिवाय "आई म्हणते देते" हा पुरावा होत नाही. मोजायला मात्र स्वस्त साधन आहे: नियमित औषध घेणाऱ्याचा एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, चढतो, आणि तो सीबीसी या साध्या रक्ततपासणीत छापून येतोच. सोबत थॅलेसेमिया किंवा लोहाची कमतरता असेल तर फसवतो, म्हणून सुरुवातीचा आकडा हाताशी हवा. हे सगळं दोन तासांत शिकवता आलं असतं. शेऱ्यात ते लिहायचं सोडून "नावीन्य नाही"?

आणि समजा मंजूर झालं असतं, तरी पुढे काय होतं ते तुम्हालाही ठाऊक आहे. एथिक्स कमिटी, मग सीटीआरआय या सरकारी चाचणी-नोंदवहीत नोंदणी, ती पहिला रुग्ण घेण्याआधीच हवी. हे योग्यच आहे, तक्रार नाही. पण मग अनुदानाचा पहिला हप्ता दिवाळीनंतर येतो. नर्स नेमायची तर जाहिरात, मुलाखती, जानेवारी. ३१ मार्चला वर्ष संपतं, उरलेल्या पैशाचा हिशेब, उपयोगिता प्रमाणपत्र, व्याज परत. प्रमाणपत्र अडकलं की दुसरा हप्ता अडकतो. कंत्राटावरची नर्स तीन महिने बिनपगारी थांबत नाही, का थांबावं तिनं? ती गेली की फोन करून मुलांना परत बोलावणारं कुणी उरत नाही आणि अभ्यास तिथेच मरतो. सार्वजनिक पैशाला हिशेब हवाच. पण हिशेबापायी रुग्णच निसटत असतील तर तो कसला हिशेब?

सगळ्यात जास्त चीड येते ती प्रवासखर्चाच्या रकान्याची. मशीन मागा, लवकर मिळतं. रुग्णाचं बसभाडं आणि बुडालेली मजुरी मागा, लाल शाई. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, चांगलंच झालं. पण नागपूरच्या गणेशपेठ स्टँडला उतरून ऑटो, दिवसाची रोजी, सोबत आलेल्या नवऱ्याची रोजी? औषध मिळतं पंधरा दिवसांचं. महिन्यातून दोनदा कोण येईल? त्यामुळे चमच्यात औषध आपोआप कमी होत जातं, पुरवून पुरवून दिलं जातं. ही आईची चूक नाही.

त्याच २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. ७ कोटी लोकांची तपासणी, २०४७ चं लक्ष्य. मोठं काम आहे, मनापासून म्हणतो. पण तपासणीत सापडलेल्या मुलाला कार्ड दिल्यावर त्याच्या घरी काय होतं, हे शोधायलाही त्याच तोलाचा पैसा वेगळा काढा. नर्सचा पगार, बसभाडं, पीएचसीत सीबीसी, तीन वर्षं न तुटणारा हप्ता. अर्ज करणाऱ्यात सिस्टर आणि पीएचसीचे डॉक्टर मुख्य संशोधक म्हणून चालायला हवेत. प्रस्ताव तपासायला बसणाऱ्यांत एक तरी जण आठवड्यातून तीन दिवस ओपीडी करणारा असावा. तुमच्यापैकी जे अशा समित्यांवर आहेत, त्यांनी हे पुढच्या बैठकीत बोला, एवढं हक्कानं सांगतो.

त्या सिस्टरनं शेवटी ५ मिलीची एक सिरिंज काढली, सुई नसलेली. ३.६ वर पेनानं रेघ मारली. पाण्यानं शाई जाईल म्हणून वरून चिकटपट्टी लावली. आईकडून तीनदा भरून घेतलं. पहिल्यांदा रेघेच्या वर गेलं, दुसऱ्यांदा बुडबुडा राहिला, तिसऱ्यांदा बरोबर. चमचा आईनं परत पिशवीत टाकला. पंधरा दिवसांनी ती रेघ टिकली की नाही, हे लिहायला केसपेपरवर जागा नाही, म्हणून सिस्टरनं ते आपल्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय.