अंदमानला जाताय? मग बीचवर जेवू नका

दिवाळी संपली की ओळखीतल्या कुणाचं ना कुणाचं अंदमानचं बुकिंग झालेलं असतं आणि मला ठरलेला मेसेज येतो: "तिकडे जेवायचं काय गं? चार चांगली हॉटेलं सांग ना." माझ्याकडे हॉटेलांची यादी नाही. मत मात्र आहे, आणि ते व्हॉट्सअपवर मावत नाही, म्हणून इथे लिहिते.

अंदमानात नीट जेवायचं असेल तर समुद्राकडे पाठ करा. ज्या टेबलावरून लाटा दिसतात त्या टेबलावर लाटांचे पैसे लागतात, आणि ताटात येतं ते कुठल्याही शहरात मिळेल असं: पनीर बटर मसाला, हक्का नूडल्स, पांढऱ्या सॉसमधला पास्ता आणि वर लिंबाची फोड ठेवलेला एक जळका मासा. जेवण जेट्टीजवळ असतं, बाजारात असतं, बसस्टँडच्या मागे असतं. तुमचा ड्रायव्हर तुम्हाला सोडून स्वतः जिथे जेवायला जातो, तिथे असतं.

आधी एक गैरसमज काढून टाकू. "अस्सल अंदमानी थाळी" नावाचं जे काही मेन्यूकार्डावर दिसतं, ते पर्यटकांसाठी रचलेलं आहे. या बेटांचे मूळ रहिवासी म्हणजे ग्रेट अंदमानी, ओंगे, जारवा, सेंटिनेली. त्यांचं अन्न जंगलातलं आणि किनाऱ्यावरचं, आणि ते आपल्यासाठी नाही. बाराटांग बेटावर जाताना जारवांच्या राखीव जंगलातून गाड्यांचा ताफा जातो, तेव्हा खिडकीतून बिस्किटं-केळी देणं हा गुन्हा आहे. हे सांगूनही "अहो, एक पुडा तर आहे" म्हणणारे महाभाग मी पाहिलेत. नका देऊ. त्यांना आपल्या पार्लेजीची गरज नाही.

मग तिथलं जेवण कुणाचं? बाहेरून आणलेल्यांचं. इंग्रजांनी १८५८ पासून कैदी आणले. १९२१ च्या मलबारातल्या उठावानंतर मोपला (मलबारी मुसलमान) आले. १९२५ मध्ये ब्रह्मदेशातून करेन लोक आणले, त्यांची गावं वर मायाबंदरकडे आहेत. छोटा नागपूरहून जंगलतोडीसाठी मजूर आले, त्यांना तिथे सरसकट 'रांचीवाले' म्हणतात. तमिळ आले, तेलुगू आले. आणि फाळणीनंतर, १९४९ पासून पुढे बरीच वर्षं, पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना सरकारने इथे जमिनी देऊन वसवलं. हॅवलॉक आणि नील ही आपली पर्यटकांची लाडकी बेटं (२०१८ पासून स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप) म्हणजे मुळात या बंगाली शेतकऱ्यांची गावं. गावांची नावंच बघा. हॅवलॉकवर गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर. नीलवर रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. ज्या भरतपूर बीचवर आपण काचेच्या तळाच्या बोटीत बसतो, त्याच्या पाठीमागे भाताची खाचरं आणि वांग्याचे वाफे आहेत.

तेव्हा या बेटांवर स्थानिक जेवण म्हणजे मुख्यतः बंगाली माछ-भात. त्याला तिथे कुणी सजवून विकत नाही, म्हणून ते आपल्याला दिसत नाही.

हॅवलॉकचा बाजार गोविंदनगरला, म्हणजे तीन नंबरला. तिथे गावांना नंबरानेच ओळखतात: एक नंबरला जेट्टी, पाच नंबरला रिसॉर्टं, सात नंबरला तो प्रसिद्ध राधानगर बीच. तीन नंबरला पत्र्याच्या छपराखाली दोन-चार बाकडी टाकलेली भाताची हॉटेलं आहेत. आम्ही शिरलो त्यातल्या एकात पाटी नव्हती, मेन्यूकार्ड नव्हतं. काउंटरवर ॲल्युमिनियमची पातेली, प्रत्येकावर झाकण. मालकीणबाई झाकण उचलून दाखवत होत्या: "ये रुई, ये भेटकी, ये चिंगड़ी." (रुई म्हणजे रोहू, चिंगड़ी म्हणजे कोळंबी.) माझ्या सासूबाई अलिबागच्या. मासा ओळखायला त्यांना झाकण पुरं उघडावं लागत नाही. दुसऱ्या पातेल्यात डोकावून म्हणाल्या, "अगं, हा तर जिताडा!" आणि खरंच, बंगाल्यांची भेटकी म्हणजे आपला जिताडाच. ज्या जिताड्यासाठी रायगडात लोक खाडीवरच्या माणसाशी आधीपासून संधान बांधून ठेवतात, तो इथे पातेल्यात निवांत पडला होता. त्या बाईंना या उत्साहाचं काहीच कळेना.

ताटात भाताचा डोंगर, पातळ मसुरीची डाळ, बटाट्याच्या काड्या तळून कुरकुरीत केलेल्या, भोपळा-वांग्याची मिसळलेली भाजी आणि वेगळ्या वाटीत मासा. रस्सा मोहरी वाटून केलेला, पिवळा, वर सरसूच्या तेलाचा तवंग. पहिल्या घासाला ती मोहरी जिभेला लागत नाही, थेट नाकात चढते. सासूबाईंनी डोळे पुसले, पाणी प्यायल्या आणि पिशवीतून कोकमाची डबी काढली. (होय, त्या कोकम घेऊन प्रवास करतात. विमानातसुद्धा.) एक आमसूल रश्श्यात बुडवून ठेवलं, थोडं थांबल्या, आणि मग उरलेला मासा काट्यासकट साफ केला. मालकीणबाईंनी एक आमसूल मागून घेतलं, चाटून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. दोघींचं पुढचं बोलणं माशाच्या डोक्याचं काय करायचं यावर, अर्ध्या हिंदीत आणि अर्ध्या हातवाऱ्यांत. भात-डाळ हवी तितकी, मासा मोजून. बिल माणशी अडीचशेच्या आत. त्याच संध्याकाळी बीचसमोरच्या एका ठिकाणी आम्ही नुसत्या लेमन सोड्याला किती मोजले ते लिहीत नाही.

तिथली एक गंमत सांगते. चारी बाजूंनी समुद्र, आणि तिथल्या बंगाली माणसाला मनापासून आवडतो तो तळ्यातला रुई-कातला. घरामागे तळं खणायचं, मासे सोडायचे, ही सवय त्यांनी पूर्व बंगालातून आणली. आपण "समुद्रातलं काहीतरी द्या" म्हणतो तेव्हा ते आपल्याकडे जरा कीव आल्यासारखं बघतात. एकदा रुई खाऊन बघा. काटे जास्त आहेत, घाई करू नका.

आता वेळ. हे लिहून ठेवा, कारण इथेच आपल्या लोकांची फजिती होते. अंदमान देशाच्या इतकं पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र आपलंच. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. गाव पहाटे उठतं, दुपारचं जेवण अकरा-साडेअकरापासून सुरू होतं आणि दोन-अडीचला पातेली रिकामी होतात. रात्री आठ-साडेआठला बाजार आवरतो. आपण मुंबई-पुण्याच्या सवयीने साडेनऊला "चला, काहीतरी लोकल खाऊ" म्हणून निघतो तेव्हा उघडं असतं ते फक्त रिसॉर्टचं रेस्टॉरंट. मग परत येऊन सांगायचं, "तिकडे खायला काही मिळत नाही हो."

आत शिरल्यावर "क्या स्पेशल है?" विचारू नका. त्याचं उत्तर सगळ्यात महाग पदार्थ असतं. "आज क्या आया है?" विचारा. सुरमई आली असेल, कुपा असेल, हेकरू असेल, चिंबोऱ्या असतील. काही आलं नसेल तर तसं सरळ सांगतात आणि अंड्याची करी वाढतात. शेवंड खायचीच असेल तर किलोचा भाव आधी ठरवा, वजन डोळ्यांसमोर करून घ्या आणि तीच शेवंड कढईत जाते ना, ते बघा. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाला भाव एक सांगितला आणि बिलात वजन भलतंच निघालं. हुज्जत घालायला पुरावा काय, टरफलं?

पोर्ट ब्लेअरला (आताचं श्रीविजयपुरम) वेळ असेल तर सकाळी जंगलीघाटला जा. तिथे बोटी लागतात, बाजार भरतो. विकत काही घ्यायचं नसलं तरी त्या दिवशी कुठला मासा ताजा आहे हे कळतं, आणि संध्याकाळी मेन्यूकार्ड वाचताना त्याचा उपयोग होतो. अबर्डीन बाजारात तमिळ पद्धतीचा परोटा-साल्ना (साल्ना म्हणजे पातळ रस्सा), इडली-डोसा झकास मिळतो. तोही तिथला स्थानिकच, पिढ्यान् पिढ्या राहिलेल्यांचा.

मे महिन्यात जाणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. आपल्याकडे पावसाळी मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै, हे मासे खाणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं. पूर्व किनारा आणि अंदमान-निकोबारला ती १५ एप्रिल ते १४ जून असते. म्हणजे नेमकी आपल्या पोरांची उन्हाळ्याची सुट्टी! छोट्या पारंपरिक होड्यांना सूट असते, त्यामुळे मासा अगदीच मिळत नाही असं नाही, पण त्या दिवसांत रोज रात्री भलामोठा "फ्रेश कॅच" मांडणाऱ्या हॉटेलात फ्रीजरबद्दल जरूर विचारा. तेव्हा तळ्यातला रुई शहाणा.

आणि पनीर. माझ्या मते बेटावरचा सगळ्यात प्रवास केलेला पदार्थ. दूधदुभतं तिथे बेताचं, त्यामुळे पनीर-बटर बहुतेक चेन्नई-कोलकात्याहून येतं, आणि चेन्नई तिथून हजार किलोमीटरहून लांब आहे. चहा पावडरच्या दुधाचा मिळाला तर नाक मुरडू नका, त्यामागचं कारण तेच. शहाळी मात्र प्या, मनसोक्त प्या.

आता आपल्या मराठी टूरवाल्यांविषयी. कुणाचं नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही, बहुतेकांची पद्धत एकच. सोबत महाराज, सोबत शिधा, जाहिरातीत "घरच्यासारखं जेवण". पहिल्या रात्री आमटी-भात, दुसऱ्या रात्री पावभाजी, शेवटच्या रात्री टाळ्यांच्या गजरात पुरणपोळी. ज्येष्ठांना, पथ्यवाल्यांना ही सोय मोठीच आहे, आणि तिची टिंगल करणाऱ्यांनी आधी सत्तरीतल्या आईवडिलांना घेऊन पाच दिवस फिरून दाखवावं. माझा आक्षेप सक्तीला आहे. सगळी जेवणं पॅकेजात धरली की बाहेर खाणाऱ्याला दुहेरी खर्च, शिवाय बस साडेबाराला हॉटेलवर परत. टूरमधलं एक दुपारचं जेवण मोकळं सोडा, पैसे वजा करा, बाजारात दोन तास द्या. ज्याला आमटी-भात हवा तो आमटी-भात खाईल. बुकिंग करताना ग्राहकांनी हे मागितलं तर टूरवाले देतील. आजवर आपण मागितलेलंच नाही.

सेल्युलर जेलला आपण सावरकरांची कोठडी बघायला जातो, कोलू बघतो, गहिवरतो. त्याच तुरुंगात मे १९३३ मध्ये क्रांतिकारकांनी उपोषण केलं. मागण्यांमध्ये खाण्याजोगं अन्न हीसुद्धा एक मागणी होती. बळजबरीने नळीतून दूध घालताना महावीर सिंग, मोहन किशोर नामदास आणि मोहित मैत्र गेले. हे ऐकून बाहेर पडलेल्या एका ग्रुपमध्ये गेटवरच "आज पोहे पुन्हा कोरडे होते" यावर मॅनेजरशी वाद सुरू झाला. मी काही बोलले नाही. बोलून काय होणार होतं?

रेटिंगबद्दल थोडं. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली, सुमारे २,३०० किलोमीटरची इंटरनेट केबल तिथे १० ऑगस्ट २०२० ला सुरू झाली. त्याआधी सगळा कारभार उपग्रहावर, रडतखडत. म्हणजे बेटावरच्या या छोट्या हॉटेलांना ऑनलाइन जग तसं नवीनच आहे. ज्यांनी पर्यटकांसाठी दुकान थाटलं त्यांचे फोटो आणि चांदण्या ढिगाने सापडतात. जे गावासाठी रांधतात त्यांच्याकडे दुपारी बाकड्यावर जागा मिळत नाही. आता बऱ्याच ठिकाणी यूपीआय चालतं, पण नेट कधी रुसेल सांगता येत नाही, रोख ठेवा.

शाकाहारी मंडळी इथपर्यंत वाचत आली असतील तर त्यांच्यासाठी चांगली बातमी: नील. अंदमानची भाजी मोठ्या प्रमाणात तिथेच पिकते. जेट्टीपासून जवळच नील केंद्र नावाचा छोटासा बाजार आहे, तिथल्या भाताच्या हॉटेलात "निरामिष" म्हणा. कांदा-लसूणही टाळायचं असेल तर तेही सांगा, बंगाली स्वयंपाकात त्याची रीतसर परंपरा आहे. वांग्याच्या जाड चकत्या तळलेल्या, पालेभाजी, डाळ, टोमॅटोची गोडसर चटणी, भात. सरसूचं तेल चालत नसेल तर आधीच विचारा, कारण भाजी त्यातच केलेली असते. नीलला सकाळच्या बोटीने जाणार असाल तर उतरल्याबरोबर, बीचकडे पळण्याआधी, हॉटेलात सांगून ठेवा की इतकी माणसं बाराला येतो. तेवढा भात ते जास्त टाकतात.