‘ट्रॅव्हल्स फुल्ल, एसटी रिकामी’ : या मजकुराला उत्तर

दिवाळी जवळ आली की एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरायला लागतो. मला तो तीन ग्रुपांवर आला. म्हणणं असं : खासगी ट्रॅव्हल्स सरकारचा एक पैसा न घेता भरून धावतात, एसटी सवलतींच्या पैशावर जगूनही तोट्यात आहे, लोकांनी एसटी कधीच सोडली, इंग्लंडमध्येही सगळं खासगीच आहे, तेव्हा ती बंद करा आणि सगळे मार्ग खासगीवाल्यांना देऊन टाका. पाठवणाऱ्यांत माझी जवळची माणसंही आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘लोकांनी एसटी सोडली.’ कोविडच्या आधी एसटीनं रोज ६५ लाखांच्या आसपास प्रवासी जात. ती संख्या घटली, हे खरं. पण त्याच काळात गाड्याही १८ हजारांच्या आसपास होत्या, त्या १५ हजारांच्या खाली आल्या. मध्ये ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटी कर्मचाऱ्यांचा संप चालला. गाडीच सुटली नाही तर माणूस बसणार कशात? तरीही संपानंतर रोजचे प्रवासी पुन्हा ५० लाखांच्या वर गेले. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट झालं. गाड्या त्याच, रस्ते तेच, स्टँडवरची बाकडीही तीच मोडकी. पण बायकांची गर्दी डोळ्यांत भरण्याइतकी वाढली. माझी मावशी आधी महिन्याकाठी एकदा माहेरी जायची, आता आठवड्याला जाते. एसटी तिला नकोशी झाली नव्हती, तिकीट परवडत नव्हतं.

आणि ट्रॅव्हल्सचे प्रवासी वाढले म्हणता, ते किती? एसटीचं प्रत्येक तिकीट यंत्रातून निघतं, त्याची नोंद राहते. ट्रॅव्हल्सचा एकही आकडा त्या मजकुरात नाही. हायवेवर उभ्या दिसणाऱ्या गाड्या मोजून कल ठरत नाही.

‘एक पैसा न घेता.’ विद्यार्थ्याला पासाचे एक तृतीयांशच पैसे भरावे लागतात, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. ते उरलेले पैसे सरकारनं एसटीला द्यायचे असतात. ही रक्कम त्या पोराची, त्या आजोबांची आहे. महामंडळाला दिलेली खिरापत नाही. उलट एसटी तिकिटामागे साडेसतरा टक्के प्रवासी कर सरकारकडे भरते. ट्रॅव्हल्सचा कर आसनांच्या हिशेबानं ठरतो, आणि सवलतीत कुणाला बसवायची सक्ती त्यांच्यावर नाही. शिवाय ट्रॅव्हल्सची कमाई नुसत्या प्रवाशांची नसते. डिकीत आणि टपावर जाणारी पार्सलं पाहिली, की काही फेऱ्या कशावर चालतात ते कळतं.

आता मुख्य मुद्दा, ‘भरून धावतात.’ धावतात, पण कुठे? पुणे–लातूर, पुणे–नागपूर, मुंबई–कोल्हापूर, तेही बहुतेक रात्री. माझं गाव निलंग्याच्या पुढे, आडबाजूला. तिथे संध्याकाळी मुक्कामी गाडी येते आणि पहाटे निघते. तिच्यावर कॉलेजची मुलं, कोर्टाची तारीख असलेले, दवाखान्यात जाणाऱ्या म्हाताऱ्या अशी सगळीच अवलंबून. डिझेलचा हिशेब मांडला तर ती फेरी कधीच फायद्याची निघणार नाही. कायद्यानंही दोन्ही गाड्या वेगळ्या आहेत. एसटीचा परवाना टप्पा वाहतुकीचा : ठरलेली वेळ, ठरलेले थांबे, ठरलेलं भाडं. ट्रॅव्हल्सचा कंत्राटी : आज परवडलं तर काढली, उद्या दहाच सीटा बुक झाल्या तर रद्द.

खासगीवाले सगळे मार्ग चालवतील, या दाव्याची परीक्षा त्या संपात झालेली आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये सरकारनं खासगी बस, स्कूलबस, अगदी मालवाहू गाड्यांनाही प्रवासी न्यायची मुभा दिली. म्हणजे मैदान मोकळं होतं. आमच्या फाट्यावर एकही बस आली नाही. आली काळी-पिवळी, आणि तीही शिगोशीग भरल्याशिवाय हलत नसे. शेजारची मुलगी बारावीला होती. एसटीत तिला मुलींसाठीचा पास फुकट होता. जीपचं भाडं रोज दोन वेळा कुठून आणणार? ती आठवड्यातून दोनच दिवस कॉलेजला जायची. ही मुलगी कुठल्याच ट्रॅव्हल्सच्या हिशेबात ‘कमी झालेला प्रवासी’ म्हणून दिसत नाही.

‘इंग्लंडमध्ये सगळं खासगी आहे.’ तिथे २६ ऑक्टोबर १९८६ पासून लंडनबाहेरची बससेवा खुली झाली, कंपन्यांनी स्वतःच मार्ग निवडले. मोठ्या औद्योगिक शहरांच्या पट्ट्यात पुढच्या तीन दशकांत बसफेऱ्यांचा वापर निम्म्याहून खाली आला. लंडनमध्येही गाड्या खासगी कंपन्याच चालवतात, पण मार्ग आणि भाडं सार्वजनिक यंत्रणा ठरवते. तिथे प्रवास दुपटीच्या जवळ गेला. मँचेस्टरनं जानेवारी २०२५ पर्यंत आपली सगळी बससेवा पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली आणली.

एसटीची गाडी वेळेवर येत नाही, काचा खडखडतात, स्लीपरच्या बाबतीत ती फार मागे राहिली, हे मी स्वतः सोसलंय. रात्रीच्या लांब पल्ल्याला मीही ट्रॅव्हल्सनं जातो आणि त्यात मला गैर वाटत नाही. खासगी मालकाची गाडी एसटीनं किलोमीटरच्या दरानं घेतली, तरी माझी हरकत नाही. हरकत आहे ती मार्ग कोणता आणि भाडं किती, हे त्याच्यावर सोडण्याला.

कारण दिवाळीत ट्रॅव्हल्सचं भाडं किती चढतं, हे पुण्यात शिकणाऱ्या मराठवाड्याच्या प्रत्येक मुलाला माहीत आहे. त्याला लगाम म्हणून २७ एप्रिल २०१८ चा शासन निर्णय आहे : खासगी बसचं भाडं त्याच प्रकारच्या एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून जास्त घेता येणार नाही. तो नीट पाळला जात नाही, पण तक्रार करायला निदान तेवढं तरी माप हाताशी आहे. एसटीच बंद केली, तर दीडपट कशाच्या मोजायची?